अकरा मिनिटं

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. निगाता बंदर.
कायद्यानं वर्षातून एकदा इमारतीची वीज तोडतात,
तारा तपासतात, चार तासांनी परत देतात.
शीतगृह जनरेटरवर घुमत राहतं, त्याची काळजी नाही.
पण आत गोठलेली मासळी कुणाची, कुठल्या कप्प्यातली,
उद्या कोणत्या ट्रकवर चढणार,
हे आमच्या बावीस यंत्रणांनाच ठाऊक.
माणसांनी ते केव्हाच डोक्यातून काढून टाकलं.

बटण दाबलं की झालं, असं वरच्या मजल्याला वाटतं.
निजवायचं असतं क्रमानं.
आधी ते, जे सतत काहीतरी मागत असतात:
बिलं, ट्रकांचं वेळापत्रक, गिऱ्हाइकांचं पान.
मग ज्यांच्याकडे मागतात ते, गोदाम, डेटाबेस,
मग डिस्कांचं कपाट,
आणि सगळ्यांत शेवटी कोपऱ्यातला तो छोटा
जो फक्त किती वाजले ते सांगतो.
त्याला आधी निजवलं तर उरलेले आपापली वेळ धरतात
आणि नोंदी एकमेकींच्या अंगावर चढतात.

उठवताना हेच, उलट्या पावली.

कागद हाताकेयामांच्या अक्षरातला.
तीन घड्या, कोपऱ्यावर सोया सॉसचा डाग.
चौदाव्या पायरीपाशी पेन्सिलीनं:
"डेटाबेस चालू करा. अकरा मिनिटं थांबा."
का, ते लिहिलेलं नाही.

यंदा इगाराशीनं सगळा कागद स्क्रिप्टमध्ये घातला.
वय सव्वीस, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, हुशार पोरगा.
"सेत्सुको-सान, थांबायचं कशाला? विचारायचं.
डेटाबेस 'हो' म्हणाला की पुढच्याला उठवायचं."
मी गप्प राहिले. कारण मलाही देता आलं नसतं.

तीनला वीज आली.
तीन वाजून सहा मिनिटांनी डेटाबेस 'हो' म्हणाला.
गोदाम उठलं, त्याच्यापुढे हात पसरला,
रिकामाच मागे घेतला.
बिलं गोदामापाशी ताटकळली, ट्रक बिलांपाशी,
आणि लॉगिन, ज्याच्यावाचून आम्हाला आत शिरून
काही बंदही करता येईना,
ते स्वतःच डेटाबेसच्या दारात बसलेलं.
एकेकानं तीनदा विचारलं आणि मान टाकली.
पडदा लाल. इगाराशीचे कानही.

आमच्याकडे फोनवर 'हाइ' म्हणतात,
समोरच्याचं वाक्य संपायच्या आत.
तो होकार नसतो. ऐकू आलं, एवढंच.
डेटाबेसनं तरी नोकरी कुठे केली? आमच्यातच, एकोणीस वर्षं.

मी सादो बेटावर फोन लावला.
हाताकेयामा पर्सिमन सोलत बसले होते, वाळत घालायला.
"अकरा मिनिटं?"
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
"मी ते चालू करून खाली जायचो. जिना,
यंत्रातली डब्याची कॉफी, धक्क्यावर एक सिगारेट.
वर आलो की ते तयार असायचं.
एकदा घड्याळ लावलं, अकरा भरली.
कमीत भागतं का, ते कधी पाहिलंच नाही."
मग म्हणाले, "सिगारेट सोडली मी.
तुम्ही नुसतं चालून या."

सगळं पुन्हा निजवलं. चौदाव्या पायरीपर्यंत उठवलं.
गेलो.
कॉफीचा डबा कोमट निघाला;
ते यंत्रही आत्ताच जागं झालेलं,
त्याला कुणी कागदावर धरलं नव्हतं.
इगाराशीनं तसाच प्यायला, समुद्राकडे बघत,
मोजत असावा.

वर आलो. गोदामानं मागितलं, मिळालं.
बिलं उठली, ट्रक उठले,
लॉगिननं आम्हाला ओळखलं.
त्यानं स्क्रिप्टमध्ये ६६० सेकंद लिहिले,
आणि वर कारणाच्या ओळीत:
जिना, कॉफी, सिगारेट (सुटली).

निघताना स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हवर
बारा वाजून शून्य लुकलुकत होतं.
तो कुणालाच वेळ विचारत नाही.
मी बोटानं लावून दिली,
माझ्या घड्याळात पाहून, जे दोन मिनिटं पुढे आहे.